विटांखाली सापडलेली अंडी

मे सरत आला की विरार पूर्वेच्या चंदनसारमध्ये प्रत्येक दारात काही ना काही हलवलं जातं. पत्र्यावरचं फाटकं प्लास्टिक बदलायचं, गेल्या वर्षीच्या कामातून उरलेल्या विटा बाजूला करायच्या, गटाराच्या तोंडाशी साठलेला पालापाचोळा ओढून काढायचा. याच आठवड्यांत कुणाच्या तरी फावड्याखाली मऊ, पांढऱ्या, लांबट अंड्यांचा पुंजका लागतो. बहुतेक अंडी एकमेकांना चिकटलेली असतात. मग आळीत आरडाओरड होते. एक जण रॉकेल आणायला सांगतो, दुसरा काठी शोधतो. गेल्या काही वर्षांत यात तिसरा आवाज मिसळला आहे आणि तो मुलांचा आहे. ‘डब्यात ठेवून उबवूया का? मोबाइलवर दाखवतात तसं?’

या तिसऱ्या आवाजाबद्दल मला आपुलकी आहे. सापाची अंडी ठेचायची नसतात, हे त्या मुलांना कळलेलं आहे. आमच्या लहानपणी एवढंही कुणाला कळत नव्हतं. पण उबवणं हे पुढचं पाऊल आहे. ते कुणी टाकायचं, केव्हा टाकायचं आणि कसं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ज्यांच्या दारात अशी अंडी निघतील त्यांच्यासाठी आणि त्यांनी बोलावल्यावर जे सर्पमित्र येतील त्यांच्यासाठीही.

मोबाइलवर दिसणारे ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे कायद्याने ज्या जाती पाळता येतात त्या साप पाळणारे लोक घरी वाढवतात, कपाटांत ओळीने डबे मांडतात. त्यातच कधी इंडिगो साप दिसतो. उन्हात धरला तर काळ्या अंगावर निळी झाक मारणारा, आठ फुटांच्या पुढे जाणारा हा साप बिनविषारी आहे. अमेरिकेत मूळचे जेवढे साप आहेत त्यांत याच्याइतका लांब दुसरा नाही. विषारी सापांनाही तो गिळतो. त्याची पैदास करणं हा तिथेसुद्धा वाटेल त्याने करायचा उद्योग नाही. पूर्वेकडच्या इंडिगो सापाला १९७८ पासून तिथल्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. फ्लोरिडातल्या एका केंद्रात ओरियान संस्था आणि सेंट्रल फ्लोरिडा प्राणिसंग्रहालय यांनी त्याची शिस्तीने पैदास चालवली आहे. मादी एका वेळी चार ते बारा अंडी घालते, अंड्यांना फुटायला जवळपास तीन महिने लागतात आणि पिल्लं साधारण दोन वर्षं वाढवून मगच जंगलात सोडतात. अलाबामातल्या कनेका राष्ट्रीय वनात २०१० पासून ती सोडायला सुरुवात झाली. तिथून हा साप कित्येक दशकांपूर्वीच नाहीसा झाला होता. सोडलेल्या सापांनी जंगलात स्वतःहून पिल्लं दिल्याचा पहिला पुरावा २०२० मध्ये मिळाला. म्हणजे दहा वर्षं काम केल्यावर एक पिल्लू दिसलं आणि त्याचा आनंद सगळ्या देशाला झाला.

हे सांगायचं कारण असं की बंदिस्त पैदास कशासाठी असते हे त्यावरून समजतं. जो प्राणी आपल्या जागेवरून संपला, त्याला परत आणण्यासाठी तो शेवटचा उपाय असतो. आपल्याकडे धामण संपलेली नाही. ती तुमच्या विटांखाली आहे.

धामण ही इंडिगोची लांबच्या नात्यातली बहीणच म्हणा. तशीच लांबलचक, चपळ, दिवसा फिरणारी, बिनविषारी. सहा-सात फुटांची धामण इकडे सहज दिसते, काही त्याहूनही लांब असतात. विरार स्टेशनच्या पूर्वेला उतरून महामार्गाकडे निघालं की रस्ता चंदनसारमधून जातो. पाठीशी जीवदानीचा डोंगर आहे, पुढे तुंगारेश्वर अभयारण्याचं रान आहे आणि मधे चाळी, नव्या इमारती, अजून न विकलेली भाताची खाचरं, नाले. उंदीर मुबलक, पावसाळ्यात बेडूक मुबलक. धामणीला याहून वेगळं काय लागतं? शहर तिच्या घरात आलं आहे, ती शहरात आलेली नाही, हे इथल्या जुन्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना मात्र सांगावं लागतं.

तिच्याबद्दलच्या गैरसमजांपायी तिचा जितका जीव गेला, तितका दुसऱ्या कशाने क्वचितच गेला असेल. धामण गाईचं दूध पिते, शेपटीने मारते, तिचा मार लागला की अवयव झडतो, ती नागाची मादी असते, ही सगळी ऐकलेली वाक्यं. यातलं एकही खरं नाही. सापाच्या तोंडाची रचनाच चोखण्यासाठी नाही. नागाची मादी नागीण असते, धामणीचे नर-मादी वेगळे. आणि उन्हाळ्यात किंवा पहिल्या पावसात बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून अर्ध्या उभ्या राहिलेल्या दिसतात, त्यांच्यावर नवं वस्त्र टाकलं तर ते शुभ, असं मानून लोक धावतात, तेव्हा तिथे जुगणं चाललेलं नसतं. ते दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. ज्याचं डोकं खाली दाबलं जातं तो निघून जातो, जिंकलेला मादीजवळ राहतो. ती मादी आसपासच्या एखाद्या बिळात असते. मिलनानंतर काही आठवड्यांनी ती विटा, पेंढा, बीळ किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत साधारण सहा ते पंधरा अंडी घालते आणि काही काळ त्यांच्याजवळ थांबते. साठेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. म्हणून चंदनसारमध्ये विटा हलवायचा मोसम आणि अंड्यांचा मोसम एकच असतो.

आधी अंडी ओळखा, पण साप ओळखायला जाऊ नका

भिंतीच्या फटीत, फोटोच्या मागे, मीटरच्या पेटीत सापडलेली वाटाण्याएवढी, गोल, टणक अंडी पालीची असतात. कुंडीच्या मातीत पुरलेली चिंचोक्याएवढी मऊ अंडी बहुधा सरड्याची. पक्ष्याचं अंडं कडक असतं, पडलं तर फुटतं. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं लवचीक, हाताला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागणारं आणि आकाराने लांबट असतं. धामणीचं अंडं साधारण दीड ते दोन इंच लांब भरतं.

इथेच लोक फसतात. नागाची अंडी जवळजवळ एवढीच, अशीच दिसतात. नागीण साधारण बारा ते तीस अंडी घालते आणि तीही वारुळात, उंदराच्या बिळात, विटांच्या खाली घालते. मण्यारही अंडी घालते. दिवड, ज्याला आपल्याकडे विरोळाही म्हणतात, एका वेळी पन्नासच्या पुढे अंडी घालू शकते. तस्कर, नानेटी, कवड्या, अजगर हे सगळे अंडी घालणारेच. अंडी हातात घेऊन ‘ही धामणीची’ असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अंदाज बांधत असतो, मग तो कितीही वर्षं साप पकडत असो. जवळ आई दिसली किंवा तिची टाकलेली कात मिळाली तरच खात्री. ही खात्री नसेल तर ती अंडी नागाची आहेत असं धरूनच वागायचं. नागाचं पिल्लू अंड्यातून निघाल्या क्षणापासून विषारी असतं आणि वीतभर असतानाच फणाही काढतं.

एक गोष्ट सोबत लक्षात ठेवण्यासारखी आहे. घोणस, फुरसे, मांडूळ, हरणटोळ आणि हिरवा चापडा हे साप अंडी बाहेर घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. घोणशीला एका वेळी वीस-तीस पिल्लं होणं नवीन नाही. तेव्हा पावसाळ्यात अंगणात एकदम पाच-सहा छोटे साप दिसले आणि अंड्याची टरफलं कुठेच नसली, तर हात लावण्याआधी दोनदा विचार करा. किंबहुना हात लावूच नका.

पहिला उपाय: होतं तसं झाकून ठेवा

फावडं लागलं, अंडी दिसली, तर आधी थांबा. आई आसपास असेल तर तिला जायला वाट द्या. मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या. काही मिनिटांत बहुतेक वेळा साप निघून जातो. अंडी जागेवरून हललेली नसतील, तर त्यांच्यावर जशी होती तशी माती, विटा, पालापाचोळा परत हळुवारपणे ठेवा. मग स्वतःलाच विचारा, ही जागा दोन महिने न हलवता चालेल का? घराच्या मागची बाजू असेल, वापरात नसलेला कोपरा असेल, तर चालतं. त्या कोपऱ्याभोवती चार विटा उभ्या करा, दोरी बांधा, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पिल्लं फुटून आपापल्या वाटेने जातील. तुम्हाला ती बहुधा दिसणारही नाहीत.

मी हा उपाय सांगितला की समोरच्याचा चेहरा उतरतो. ‘म्हणजे सापांची शाळा दारात भरू द्यायची?’ असं आमच्या आळीतल्या एका काकूंनी मला विचारलं होतं. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. धामणीची पिल्लं फुटली की लगेच पांगतात. एकत्र राहणं हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांतली फार थोडी मोठी होतात. बाकीची मांजरं, कावळे, मुंगूस, घारी खातात. जी एक-दोन जगतात ती तुमच्या आसपासचे उंदीर खातात. चंदनसारमध्ये ज्याच्या घरी तांदळाची कोठी आहे आणि ज्याच्या खाचरात भात उभा आहे, त्याला या हिशेबाचा अर्थ पटकन कळतो. काकूंच्या घरामागच्या विटा त्या वर्षी दोन महिने जागच्या हलल्या नाहीत.

नागाची शंका असेल, घरात रांगणारं मूल असेल, किंवा बांधकामच त्या जागेवर व्हायचं असेल, तर मात्र जागेवर ठेवता येत नाही. तेव्हा वनविभागाला कळवायचं. महाराष्ट्र वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. फोन करताना तीन गोष्टी सांगा: जागा नेमकी कोणती, अंडी किती दिसली, साप दिसला का. दूरवरून काढलेला एक फोटो असेल तर उत्तम. वनविभागाचा माणूस किंवा त्यांच्या परिचयाचा सर्पमित्र येईपर्यंत अंड्यांवर ओलसर गोणपाट घाला. ऊन लागू देऊ नका. मे महिन्यात पत्र्याखालची किंवा काँक्रीटवरची अंडी तासाभरात भाजून निघतात.

कायदा काय म्हणतो

हा भाग लहान आहे, पण यावर कुणी तडजोड करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विसकटणं येतं. म्हणजे अंडी ठेचणं ही कायद्याच्या नजरेत शिकारच आहे आणि उत्साहाने ती घरी नेऊन उबवणंही त्यापासून फार लांब नाही. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या दुरुस्तीनंतर धामण आणि नाग दोघेही अनुसूची एकमध्ये आहेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा झाला तर किमान तीन वर्षांची, जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. भारतातला कुठलाही जंगली साप घरात पाळता येत नाही, विकता येत नाही, त्याची पैदास करता येत नाही. प्राणिसंग्रहालयं आणि संशोधन संस्था परवानगी घेऊन ते काम करतात. पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभं राहिलं, ते आज महापालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. मंगळुरूजवळच्या पिलिकुळा उद्यानात नागराजाची पिल्लं बंदिस्त जागेत जन्मली. ज्या मुलाला हे काम खरोखर आवडतं, त्याला या वाटेने जायचं स्वप्न दाखवा. तो पोहोचेल.

हलवावीच लागली तर

आता पुढचं जे आहे ते वनविभागाच्या सांगण्यावरून काम करणाऱ्यांसाठी. घरमालकांनीही वाचावं, म्हणजे येणारा माणूस काम नीट करतो आहे की नाही हे त्यांना कळेल.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या मिनिटात होते. कोंबडीचं अंडं आपण फिरवतो, कोंबडी स्वतः फिरवते, म्हणून माणूस सापाचं अंडंही सहज उलटं धरतो. सापाच्या अंड्यात गर्भ पहिल्या दिवस-दोन दिवसांतच कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो बलकाखाली दबतो आणि मरू शकतो. वरून अंडं तसंच पांढरं दिसत राहतं, आतला जीव गेलेला असतो. म्हणून अंड्याला हात लावण्याआधी वरच्या बाजूला साध्या पेन्सिलीने एक बारीक खूण करायची. पेनाची शाई किंवा मार्कर नको, कवच सच्छिद्र असतं. मग खूण वर राहील अशाच बेताने उचलायचं. चिकटलेली अंडी सोडवायची नाहीत, पुंजका जसा आहे तसाच उचलायचा. आणि त्या जागेची मूठभर माती सोबत घ्यायची. तिचा ओलावा किती होता हे बोटांना लक्षात राहतं, तेच पुढचं माप.

नेताना डबा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. विरार-चंदनसार रस्त्यावरचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत. डबा मांडीवर, ओल्या मातीत रुतवलेली अंडी, वर हलकं फडकं, आणि रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगायचं.

उबवणीचं पात्र म्हणून झाकण असलेला साधा प्लास्टिकचा डबा पुरतो. झाकणाच्या कडेला सुईने चार-पाच भोकं पाडायची, जास्त नाहीत. आत दोन-तीन इंच ओलसर भरण. त्यासाठी वर्मिक्युलाइट मिळालं तर उत्तम. तो अभ्रकासारख्या खनिजाचा हलका, पाणी धरून ठेवणारा चुरा असतो, रोपवाटिकांच्या दुकानात मिळतो. त्याच्या वजनाइतकंच पाणी त्यात मिसळायचं. ते नसेल तर धुऊन पिळलेलं कोकोपीट किंवा बारीक वाळू मिसळलेली स्वच्छ माती चालते. परीक्षा मुठीची: मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाण्याचा थेंब पडू नये. या भरणात अंडी अर्धी रुतवून ठेवायची, पूर्ण गाडायची नाहीत.

तापमान अठ्ठावीस ते तीस अंशांच्या आसपास ठेवायचं. बत्तीसच्या वर जाऊ लागलं की जागा बदलायची, कारण उष्णतेने पिल्लं वाकड्या कण्याची निघतात किंवा आतच मरतात. इथे निसर्ग आपल्या बाजूने आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कोकणपट्टीत पक्क्या छताखालच्या सावलीच्या खोलीत हवा साधारण याच तापमानाची असते, त्यामुळे दिवा किंवा हीटर कशालाच लागत नाही. मे महिना मात्र धोक्याचा. पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा चाळिशीला जाऊ शकतो. तेव्हा घराची जमिनीलगतची, उत्तरेकडची, थंड खोली निवडायची. थर्मामीटर डब्यात ठेवायचा, भिंतीवर नाही. ऊन, पंखा, टीव्हीच्या वरची जागा, फ्रिजच्या मागची जागा या सगळ्या टाळायच्या. कासवात आणि मगरीत उबवणीच्या तापमानावर नर की मादी ते ठरतं, तसं सापात नसतं. त्यामुळे त्या विचाराने तापमानाशी खेळू नका.

ओलाव्याबद्दल मी जरा जास्तच सांगणार आहे, कारण माझ्या हातून इथे चूक झाली आहे. सुरुवातीच्या एका वर्षी, वनविभागाच्या देखरेखीखालीच, अंडी सुकतील या भीतीने मी रोज वरून पाणी शिंपडत गेलो. दहा-बारा दिवसांत ती एकेक करून पिवळी पडली आणि वास सुटला. अंड्यांनाही श्वास लागतो, भिजलेल्या कवचातून हवा आत जात नाही. तेव्हापासून मी पाणी अंड्यांवर कधीच टाकत नाही. भरण कोरडं वाटलं तर डब्याच्या कडेने चमच्याने पाणी सोडायचं. झाकणाच्या आतून थेंब ठिबकत असतील तर ओलावा जास्त आहे, झाकण थोडा वेळ उघडून ठेवायचं. अंडी पिचकलेली, खड्डा पडलेली दिसली तर ओलावा कमी आहे. अगदी शेवटच्या आठवड्यात मात्र अंडी थोडी खपाटीला जाणं नैसर्गिक असतं, तेव्हा घाबरून पाणी घालू नका. आठवड्यातून दोनदा झाकण मिनिटभर उघडून हवा बदलायची, बस.

आणि मुंग्या. आपल्याकडे अंड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू साप पकडणारा माणूस नाही, मुंगी आहे. एका रात्रीत काळ्या मुंग्यांची रांग डब्यात शिरली तर सकाळी कवचं उरतात. म्हणून डबा पाण्याने भरलेल्या परातीत, मधे वीट ठेवून त्यावर ठेवा. आजी दुधाचं पातेलं जसं परातीतल्या पाण्यात ठेवायची, तसंच.

दहा-बारा दिवसांनी अंधाऱ्या खोलीत अंड्याला कडेने मोबाइलचा उजेड लावून पाहता येतं, अंडं न उचलता. आत गुलाबी झाक आणि लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. सगळं पिवळसर, ढगाळ दिसलं, तरी लगेच फेकू नका, पुन्हा आठवड्याने पाहा. बुरशीचा पांढरा कापूस धरलेलं अंडं पुंजक्यातून ओढून काढलं तर शेजारचं फाटतं. कोरड्या फडक्याने हलकेच पुसा, बाजूला करता आलं तर करा, नाहीतर राहू द्या. निरोगी अंडं शेजारी सडकं असूनही बरेचदा वाचतं.

फुटायला लागल्यावर

साठाव्या दिवसाच्या आसपास एका सकाळी एखाद्या अंड्यावर पात्याने कापल्यासारखी चीर दिसते. वरच्या ओठाच्या टोकाला असलेल्या एका बारीक दाताने पिल्लू आतून कवच चिरतं, हा दात पुढे गळून पडतो. चिरेतून नाकाचं टोक बाहेर येतं, जरा हवा घेतं आणि परत आत जातं. असं ते दिवसभर, कधी दीड-दोन दिवस करत राहतं. या वेळात त्याच्या पोटाशी उरलेला बलक शरीरात शोषला जात असतो. इथे कुणीही मदत करू नये. कात्रीने कवच कापलं, पिल्लू ओढलं, तर बलकाची पिशवी बाहेर राहते, रक्त वाहतं आणि पिल्लू दगावतं. एका पुंजक्यातली सगळी अंडी एका दिवशी फुटत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात दोन-तीन दिवसांचं अंतर पडणं नेहमीचं आहे.

धामणीचं पिल्लू जन्मतःच एक-दीड फुटाचं असतं, सुतळीइतकं बारीक, मोठ्या डोळ्यांचं. ते चावायचा प्रयत्न करतं, त्याला दोष नाही. बलकाच्या साठ्यावर ते काही दिवस अन्नाविना राहतं आणि आठवडा-दहा दिवसांत पहिली कात टाकतं. या काळात त्याला दूध नको, अंडं नको, पालीचं पिल्लू धरून भरवणं नको. पहिली शिकार त्याने स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या जागी करायची असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चंदनसारच्या प्रत्येक खाचरात बेडकाची पिल्लं खच्चून भरलेली असतात. धामणीचं अंडं पावसाळ्यात फुटतं, कारण तेव्हाच जेवणाचं ताट मांडलेलं असतं. त्यामुळे पिल्लं डब्यात ठेवणं लांबवू नये. सगळी बाहेर आली, बेंबीची जागा कोरडी झाली, की वनविभागाला सांगून सोडायची.

कुठे सोडायची यावर नेहमी वाद होतो. लोक म्हणतात, तुंगारेश्वरच्या जंगलात न्या, तिथे सुखात राहतील. चांगल्या मनाने केलेली ही सूचना चुकीची आहे. धामण दाट रानातली नाही, शेताच्या मेरेवरची, माणसाच्या शेजारची आहे. ओळख नसलेल्या जागी नेऊन सोडलेला साप जास्त भटकतो आणि जास्त मरतो. शक्यतो अंडी सापडली त्याच्या आसपास, माणसांची वर्दळ कमी असलेल्या, दगड-गवत-पाणी असलेल्या ठिकाणी सोडायची. एकाच ठिकाणी सगळी ओतायची नाहीत, नाल्याच्या कडेने दहा-वीस पावलांच्या अंतराने एकेक सोडायचं. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. फोटोसाठी पिल्लू हातावर गुंडाळून उभं राहण्याची हौस असते, ती बाजूला ठेवा. त्या फोटोतून पुढच्या वर्षी डब्यात अंडी उबवणारी दहा मुलं तयार होतात.

पिल्लं नागाची निघाली तर घरमालकाने डब्याजवळही जायचं नाही, तेवढा एकच नियम. अंडी विषारी सापाची असू शकतात म्हणून उबवणीच्या सगळ्या काळात डब्याच्या झाकणाला दोन पट्टे बांधलेले असावेत आणि तो वनविभागाच्या ताब्यात किंवा त्यांनी सांगितलेल्या जागी असावा, लहान मुलांच्या खोलीत नाही. आणि कधी चुकून दंश झालाच, मग तो मोठ्या सापाचा असो वा पिल्लाचा, तर चिरा देऊ नका, आवळून दोरी बांधू नका, तोंडाने विष ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, चावलेला अवयव न हलवता ठेवा, रुग्णाला झोपवून १०८ ला फोन करा आणि थेट अशा रुग्णालयात न्या जिथे सर्पविषावरचं इंजेक्शन असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच संयुक्त इंजेक्शन चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नसते. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात ते आहे का, हे पावसाळ्याआधीच एकदा जाऊन विचारून ठेवा.

शेवटी कामाचं एक छोटं टिपण. अंडी कुठे सापडली, किती होती, कोणत्या तारखेला हलवली, कितवं अंडं कधी फुटलं, किती पिल्लं जगली, कुठे सोडली, हे सगळं एका वहीच्या पानावर लिहा आणि त्याची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. चंदनसारच्या विटांखाली, खाचराच्या मेरेवर आणि चाळींच्या मागे कुठले साप अजून वीण करतात, याची नोंद अशाच पानांतून होत जाते. रिकामी टरफलं फेकू नका. शाळेत विज्ञानाच्या बाई असतील तर त्यांना द्या. आत बोट घालून पाहिलं की मुलांना कळतं, ते कवच किती पातळ होतं.